राब : भोर-वेल्ह्याच्या भातामागचा डोंगर

एप्रिल सरता सरता पाबे घाट उतरून वेल्ह्याकडे निघालं, की वाळलेल्या गवताच्या उतारांवर काळे चौकोन दिसू लागतात. भोरहून वरंध्याच्या रस्त्याने हिर्डोशीकडे गेलं तरी तेच. खाचरं कोरडी ठाक, बांधांवर धूळ, आणि मध्येच एक जळका तुकडा. पुण्याहून गडावर जाणाऱ्या माणसाला तो वणव्याचा डाग वाटतो. वणवा मात्र वाट फुटेल तिकडे धावतो. हा चौकोन आखलेला असतो, चारी कडा सरळ असतात, आणि भोवतीचं गवत आधीच काढून टाकलेलं असतं. ही भाताची दाढ. महिन्या-दीड महिन्याने इथे पेरलेलं रोप सगळ्या खाचरांत जाणार असतं. ती जाळून तयार करण्याच्या रीतीला राब म्हणतात.

राबाबद्दल दीडशे वर्षं बरंच लिहिलं गेलं आहे. जंगल खात्याने लिहिलं, रसायनशास्त्रज्ञांनी लिहिलं, कृषी अधिकाऱ्यांनी लिहिलं. प्रत्येकाने त्यातला एकेक धागा उचलला. कुणाला फक्त झाड दिसलं, कुणाला राख दिसली, कुणाला धूर. माझं म्हणणं असं, की खाचराच्या लहानशा तुकड्याला वरचा आख्खा डोंगर बांधून ठेवणारी ही व्यवस्था होती. तिचा इतिहास वाचायचा तर खाचर आणि डोंगर दोन्ही एकदम डोळ्यांपुढे धरावे लागतात.

आधी कृती सांगतो, कारण तिच्या तपशिलातच पुढचे सगळे वाद दडलेले आहेत. दाढीसाठी जागा निवडतात ती थोडी उंचावरची, पाणी न साचणारी. तळाला शेणाचा थर. गोठ्यातलं शेण हिवाळाभर पसरून वाळवलेलं असतं. त्यावर झाडाच्या डहाळ्या, पानांसकट. घाटाखाली त्यांना कवळ म्हणतात, वर मावळात टहाळ. त्यावर गवत किंवा भाताचा पेंढा, मग गोळा केलेला पालापाचोळा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. हा मातीचा थर फार महत्त्वाचा. तो नसेल तर सगळं भडकून अर्ध्या तासात राख होतं आणि ती वाऱ्यावर उडून जाते. तो असला की आग दबते, धुमसत राहते, सावकाश पुढे सरकते आणि खालच्या जमिनीला चांगली धग लागते. आग लावायची तीही वाऱ्याच्या उलट बाजूने. वाऱ्याबरोबर पळणारी आग वरवर भाजते, वाऱ्याला तोंड देत सरकणारी आग खोल भाजते. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही.

रोहिणी लागल्या की भाजलेल्या जागेत बी पडतं. बरेच जण पावसाआधीच कोरड्यात पेरतात, तिला धूळवाफ पेरणी म्हणतात. मृगाच्या सरी आल्या की रोप उगवतं आणि आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होते. एक हेक्टर खाचराला साधारण दहा गुंठे दाढ लागते. म्हणजे खाचराच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जमिनीवर सगळ्या खाचराचं भवितव्य ठरतं. त्या तुकड्यावर एवढा जीव का टाकायचा, याचं उत्तर त्यातच आहे.

घाटमाथ्यावर वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक तीन महिन्यांत. तोरण्याच्या पायथ्याची किंवा कानंदी-गुंजवणीच्या खोऱ्यातली तांबडी माती या पावसात अक्षरशः धुऊन निघते. जे काही विरघळणारं आहे ते नदीला जातं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा झड लागली, की खुरपं घेऊन शेतात बसायला उघडीप मिळत नाही. आणि भाताबरोबर उगवणारं गवत लहानपणी थेट भातासारखंच दिसतं. ते निवडून काढायचं तर रोप हातात धरून बघावं लागतं. राबाने भाजलेल्या जमिनीत हे तणाचं बी मेलेलं असतं. शिवाय भाजलेली माती भुसभुशीत होते, त्यामुळे रोप उपटताना मूळ तुटत नाही, मूठ झटकन सुटते. पावसात इरल्याखाली वाकून दिवसभर मुठी बांधणाऱ्या बाईसाठी ही गोष्ट केवढी मोठी आहे, हे कागदावरच्या उत्पादनाच्या आकड्यांत कधी येत नाही. राब का करता, असं या भागात विचारलं तर पहिलं उत्तर बहुधा तणाचंच येतं. खताचं नंतर.

आता डोंगराकडे वळू. दहा गुंठे दाढ भाजायला लागणारा पाला दहा गुंठ्यांतून येत नाही. त्याला मागे कित्येक पट उताराची जमीन हवी. त्यासाठी सर्वांत पसंतीचं झाड ऐन. ऐनाची डहाळी छाटली की पुन्हा फुटते, पान मोठं आणि जाड, वाळल्यावर चांगलं धुमसतं. पाऊस संपल्यावर कोयता घेऊन ऐनावर चढायचं, शेंडा राखून बाजूच्या फांद्या उतरवायच्या, भारे बांधून ठेवायचे. वर्षानुवर्षं अशी छाटणी झालेलं ऐनाचं झाड खांबासारखं सरळ आणि गाठाळ होतं. भोरच्या पश्चिम भागात अशी जुनी झाडं बांधावर अजून उभी आहेत. त्यांच्या अंगावरच्या गाठी मोजल्या तर एका कुटुंबाच्या भाताचा हिशेब लागेल, असं मला नेहमी वाटतं.

या उताराच्या जमिनीला महसुली भाषेत वरकस म्हणतात. सातबाऱ्यावर हा शब्द आजही भेटतो. वरकस जमिनीवर दोन-तीन वर्षं नाचणी आणि वरी घ्यायची, मग ती पड टाकायची, गवत आणि झाड वाढू द्यायचं, त्यातून राबाचा पाला आणि गुरांचा चारा काढायचा. गुरांचं शेण पुन्हा राबाच्या तळाला. सपाटीवरचा शेतकरी जमिनीचा मगदूर एकराने सांगतो. इथे खाचराच्या एकराला मागे किती वरकस आहे हे विचारल्याशिवाय त्या एकराची खरी किंमत कळत नसे. कोकणातल्या आणि मावळातल्या जमीन मोजणी अधिकाऱ्यांनाही हे एकोणिसाव्या शतकात समजलं होतं. म्हणूनच त्यांनी वरकस वेगळी धरली आणि तिच्यावरच्या साऱ्याचा आकार फार कमी ठेवला.

भोर आणि वेल्ह्याची गोष्ट इथे थोडी निराळी होते. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेल्या शंकराजी नारायण गांडेकर यांच्या घराण्याकडे हा मुलूख आला आणि पुढे भोर संस्थान म्हणून राहिला. संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणा. राजगड आणि प्रचंडगड मिळून ढोबळमानाने आजचा वेल्हे, ज्याचं नाव 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने राजगड करायचं ठरवलं. पाचवा सुधागड मात्र घाटाखाली, पालीच्या बल्लाळेश्वराच्या भोवतीचा. सुमारे 925 चौरस मैलांचं हे संस्थान सह्याद्रीच्या दोन्ही अंगांवर पसरलेलं होतं. एक धनी, वर मावळ, खाली कोकण, आणि दोन्हीकडे तेच भात आणि तोच राब. मढे घाट, उपांड्या, शेवत्या, वरंधा या वाटांनी खालून मीठ आणि सुकट वर येत असे. घाटवाटा म्हटलं की आपण फौजांचा विचार करतो. शेती करण्याच्या रीतींनाही त्याच पाऊलवाटा होत्या, आणि भाजावळ दोन्ही बाजूंना एकाच हंगामात, एकाच तऱ्हेने होते, हा त्याचा ढळढळीत पुरावा मला वाटतो.

मावळ्यांचं वर्ष आठवून पाहा. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. राबाचा पाला छाटायचा, शेण वाळवायचं, गवत कापायचं काम मात्र नेमकं दसऱ्यानंतरच्या महिन्यांतलं. रोहिड खोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं इथून माणसं बाहेर पडली त्या वर्षांत दाढीची तयारी मागे राहिलेल्यांनी केली असणार, म्हणजे बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी. जेधे, बांदल या देशमुख घराण्यांच्या कागदांत वतनाचे तंटे आहेत, लढाया आहेत. ज्या दाढीवर त्या माणसांच्या घरचं वर्षाचं धान्य उभं होतं ती त्या कागदांत शोधावी लागते.

राबावर पहिला मोठा घाला आला तो कायद्याचा. 1878 च्या भारतीय वन कायद्यानंतर मुंबई इलाख्यात राखीव आणि संरक्षित जंगलांची आखणी झपाट्याने सुरू झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत गावकऱ्यांनी वापरलेले उतार एका रेघेने सरकारी झाले आणि ऐनाची डहाळी तोडणं हा गुन्हा ठरू लागला. जंगल खात्याचं म्हणणं होतं की राबामुळे डोंगर उघडे पडतात. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की राबाशिवाय भात होत नाही आणि भाताशिवाय सारा भरता येत नाही. गाऱ्हाणी इतकी वाढली की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. 1887 मध्ये त्याचा अहवाल आला. सह्याद्रीतल्या शेतकऱ्याची पानाच्या भाऱ्याबद्दलची बाजू सरकार दरबारी एवढ्या विस्ताराने पहिल्यांदा मांडली गेली ती या आयोगापुढे. भोर संस्थान असल्याने ब्रिटिश कायदा तिथे आपोआप लागू होत नव्हता. शिवेपलीकडच्या हवेली आणि मावळात मात्र तो होता.

हा वाद पुढे विलायतेतून आलेल्या माणसासमोर गेला. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 च्या डिसेंबरात भारतात आले, वर्षभर फिरले आणि 1893 मध्ये त्यांचा भारतीय शेतीच्या सुधारणेवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात राबाची चर्चा आहे. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याचे ओझान यांनी राबावर प्रयोग केले होते, त्यांचाही व्होल्कर यांनी विचार केला. सरसकट बंदीच्या बाजूने ते उभे राहिले नाहीत. भारतीय शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची जी फॅशन त्या काळात होती ती त्या अहवालात नाही, आणि म्हणून तो आजही वाचावासा वाटतो.

पण राबात नेमकं होतं काय? याचा छडा लावायला पुण्याचं कृषी महाविद्यालय पुढे आलं. प्राचार्य हॅरॉल्ड मॅन, आणि त्यांच्याबरोबर एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर. 1912 मध्ये या तिघांचा पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. तोपर्यंतचा सोपा समज असा होता की राख म्हणजे खत, बाकी काही नाही. मग तीच राख बाहेरून आणून टाकली तर झाडं वाचतील की! या तिघांनी राख आणि धग वेगळी काढून तपासली. आढळलं असं, की मातीला मिळणारी धगच मोठं काम करते. मातीची ठेवण बदलते, तिच्यातली अडकलेली अन्नद्रव्यं मोकळी होतात. तिकडे इंग्लंडात रॉथमस्टेड इथे रसेल आणि हचिन्सन यांनी माती तापवल्यावर तिची सुपीकता का वाढते यावर 1909 मध्ये मांडणी केली होती. म्हणजे जगातल्या त्या वेळच्या ताज्यातल्या ताज्या प्रश्नाशी मावळातली दाढ थेट जाऊन भिडली. यातले कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे मोठे जाणकार म्हणून ओळखले गेले, मॅन यांनी पिंपळे सौदागरचा गावअभ्यास केला. राबावरचं त्यांचं काम मात्र त्यांच्या बाकीच्या कामाच्या सावलीत गेलं. मराठीत ते कुणीतरी नीट आणायला हवं.

मातीला धग देणारे आपण एकटेच नव्हतो. रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यात शेत भाजण्याचे फायदे सांगितले आहेत, आणि ते का होतात याची त्याने एक सोडून अनेक कारणं पुढे ठेवली आहेत: जमिनीला बळ मिळतं, दोष जळतात, छिद्रं मोकळी होतात. स्पेनच्या कॅटलोनियात काटक्यांचे लहान ढीग मातीने झाकून सावकाश जाळायची आणि ती भाजकी माती शेतात पसरायची रीत विसाव्या शतकापर्यंत होती. पाला, वर माती, दबलेली आग. वेल्ह्याच्या माणसाला ती पाहताक्षणी ओळखीची वाटेल. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातही गवताळ ढेकळं सोलून जाळत. युरोपात रासायनिक खत आलं आणि या रीती विरून गेल्या. सह्याद्रीत त्या पुढे टिकल्या, कारण इथला प्रश्न खतापेक्षा पावसाचा आणि तणाचा होता.

भोरच्या राबाला दुसरा धक्का बसला तो पाण्याचा. वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पहिलं धरण झालं. मग त्याच्याच खाली 1927 मध्ये लॉईड धरण पुरं झालं, सुमारे साडेतेवीस टीएमसीचं. पाणी गेलं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला. वेळवंडीकाठची सपाट, गाळाची, उत्तम खाचरं पाण्याखाली गेली. मग वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव, भोरमध्ये नीरा देवघर, पुन्हा वेल्ह्यात गुंजवणी. दोन लहान तालुक्यांत इतकी धरणं! प्रत्येक धरणाने खालचं खाचर घेतलं आणि माणसाला वर उतारावर ढकललं. उतारावर नवी खाचरं बांधायची म्हणजे ज्या वरकसातून राबाचा पाला यायचा त्याच वरकसात ताली घालायच्या. डोंगर आणि खाचर यांचं जुनं प्रमाण इथे मोडलं. जंगल खात्याच्या रेघेने जे झालं नव्हतं ते पाण्याच्या रेघेने झालं. राबावर डोंगर उघडे पाडल्याचा आरोप करणाऱ्या लेखनात ही गोष्ट मला फारशी सापडत नाही, आणि ती न सांगणं हा या लोकांवर अन्याय आहे.

1948 च्या 8 मार्चला भोर संस्थान विलीन झालं आणि वन कायदा, महसूल कायदा सगळीकडे एकच झाला. 1966 मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं आयआर-8 हे बुटकं, खत मागणारं वाण जगभर गेलं. आपल्याकडे त्याचा आंबेमोहर 157 शी संकर करून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये इंद्रायणी दिलं. भोर-वेल्ह्यात आज बहुतेक खाचरांत तेच दिसतं. वास आंबेमोहराकडून, उत्पन्न परदेशी वाणाकडून. युरियाची गोणी दुकानात मिळू लागली तेव्हा पाला तोडायला डोंगर चढणारे हात कमी झाले. तरणी माणसं पुण्या-मुंबईला, शिवापूर-शिरवळच्या कारखान्यांत गेली. गोठ्यातली गुरं कमी झाली, आणि शेणाशिवाय राबाचा तळच बसत नाही. पुढे उतारांना कुंपणं पडली, फार्महाऊस आले. तरी राब थांबला नाही. त्यातून टहाळ गळाली. आता बऱ्याच ठिकाणी पेंढा, गवत, गोळा केलेला पालापाचोळा आणि असेल तेवढं शेण एवढ्यावर दाढ भाजतात. राब पातळ झाला आणि धगही कमी पडू लागली.

कृषी खात्याचा सल्ला आता गादीवाफ्याचा आहे: मीटर-सव्वा मीटर रुंदीचे उंच वाफे, तीन टक्के मिठाच्या पाण्यात बी बुडवून पोचट दाणे वेगळे काढणे, मग बीजप्रक्रिया. हे सगळं चांगलं आहे. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते डॉ. नारायण सावंत यांचं चारसूत्री भातशेतीचं काम, कारण त्यांनी राबाला हाकलून दिलं नाही, त्याचा गाभा ओळखला. त्यांच्या पहिल्या सूत्रात भाताच्या तुसाची काळी राख दाढीत मिसळायची आहे, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. तूस गिरणीत फुकट पडलेलं असतं, त्यासाठी एकही डहाळी तोडावी लागत नाही. त्या राखेतली सिलिका रोपाच्या अंगात जाते, रोप ताठ होतं, खोडकिड्याला दाद देत नाही. दुसऱ्या सूत्रात बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. म्हणजे जे झाड डोंगरावर होतं ते बांधावर आलं आणि जो पाला जळत होता तो कुजू लागला.

त्याच्याही पुढचं पाऊल नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्राचं. त्यात दाढ नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची, नांगर लावायचा नाही. माती वाहून जाणं थांबतं, गांडुळं परततात, गुडघाभर चिखलात वाकून दिवस काढणाऱ्या बायकांची पाठ वाचते. यातलं शेवटचं कारण एकटंच मला पुरेसं आहे. फक्त तण मारायला त्यात तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते. ऐनाच्या डहाळीने जे काम केलं तेच आता बाटलीतलं औषध करतं, आणि त्या औषधाचा अंश पावसाबरोबर कानंदी आणि गुंजवणीत, वेळवंडी आणि नीरेत उतरू शकतो. राब आणि सगुणा या दोन्ही पद्धती एकाच खोऱ्यात, शेजारशेजारच्या खाचरांत लावून पाच-सात पावसाळे मोजमाप घ्यायला हवं: माती किती गेली, पाला किती लागला, नदीत काय उतरलं, बाईचे किती दिवस वाचले. मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी असंच एक काम 1912 मध्ये पुण्यात बसून पुरं केलं होतं. ज्या महाविद्यालयातून ते झालं ते पुण्यात आजही चालू आहे, आणि भाजावळ अजून दर उन्हाळ्यात पाबे घाटापलीकडे होते.